रक्ताचा रकाना

रविवार, ९ नोव्हेंबर

आज मी जिंकले, आणि मी जिंकत असताना अर्धं सभागृह जेवायला उठलं.

समाजाचा वधू-वर परिचय मेळावा. वर्ध्यातलं तेच मंगल कार्यालय, तेच पिवळे पडदे, आणि प्रत्येक वक्त्याच्या दुसऱ्या वाक्याला किंचाळणारा तोच माइक. पण या वर्षीच्या परिचय-पुस्तिकेत उंची, शिक्षण, मामेकुळ यांच्या शेजारी एक नवा रकाना आहे: सिकलसेल तपासणी. निरंक, वाहक किंवा रुग्ण. हा रकाना माझा आहे. त्यासाठी अध्यक्ष प्रभाकररावांशी मी वर्षानुवर्षं भांडले. दरवेळी त्यांचं एकच. "जयाताई, लोकं पोरी पाह्यले येतात, रगत पाह्यले नाई." पत्रिकेतला मंगळ छापायला जागा होती. रक्ताला नव्हती. कोट्यवधी मैलांवरचा एक तांबडा दगड आमच्या मुलींची लग्नं मोडत होता, आणि अंगात वाहणाऱ्या रक्ताकडे बघायची कुणाची तयारी नव्हती!

भाषण उत्तम झालं. शरीर म्हणजे गर्दी नव्हे, व्यवस्था आहे, इथून सुरुवात केली. सारख्या पेशी एकत्र आल्या की ऊती, ऊती एकमेकींना धरून राहिल्या की अवयव, अवयव एका कामाला जुंपले की संस्था, आणि साऱ्या संस्था मिळून जो उभा राहतो त्याला माणूस म्हणतात. रक्त ही वाहती ऊती. तिच्यातली तांबडी पेशी एवढी लवचिक, की केसाहून बारीक नळीतूनही निसटते. सिकलसेलमध्ये तीच पेशी विळ्यासारखी वाकते आणि अडते. मग माझं ते वाक्य: "एक पेशी वाकली की ऊती अडते, ऊती अडली की अवयव रडतो, अवयव रडला की सारं शरीर कोलमडतं!" टाळ्या. नेहमीप्रमाणे धम्मदीपला मंचावर उभं केलं. माझा जुना विद्यार्थी. स्वतः सिकलसेलचा रुग्ण, आणि रुग्णांची संघटना चालवतो. त्याचे पिवळट डोळे आणि बारीक हातपाय पाहिल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही. शेवट समाजावर केला: समाज हेही शरीरच आहे, आपण त्याच्या पेशी, पेशीनं स्वतःपुरतं पाहिलं तर शरीर मरतं. त्याआधीच, प्लीहेपर्यंत पोचले होते तेव्हा, मागून वांग्याच्या भाजीचा वास आला आणि खुर्च्या वाजायला लागल्या. ज्यांना प्लीहा कुठे असते हे माहीत नाही ते पोट कुठे आहे हे बरोबर जाणतात.

एक दृश्य मात्र सुखावून गेलं. जेवणानंतर आईबाप पुस्तिका मांडीवर घेऊन पेनानं खुणा करत बसले होते. पानागणिक खुणा. लोक अखेर वाचायला लागले!

पुस्तिकेत पहिलं नाव इलाचं घातलं. इला ही गोपालची, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. सावंगीला दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून रोहण्याहून येऊन माझ्याकडे सिंदी मेघ्यात राहते. तिचं आर्वीच्या सुमीतशी ठरलंच आहे, ७ डिसेंबरला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. तेव्हा स्थळ म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून. जूनच्या शिबिरात ती वाहक निघाली होती. तेच ठळक छापलं. दुसऱ्यांना रक्त दाखवा म्हणणाऱ्या बाईनं आधी स्वतःच्या घरचं दाखवावं. इलानं संध्याकाळी पुस्तिका उघडली, पहिलं पान बघितलं, मिटून टेबलावर ठेवली. दमली असेल. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे म्हणजे सोपं काम नव्हे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नीच! नीच आणि अडाणी!

गोपालचा सकाळी फोन. सुमीतचे वडील पुंडलिकराव मध्यस्थाकरवी कळवतात की "सध्या साक्षगंध थांबून घेऊ." कारण? पुस्तिका. आर्वीला त्यांच्या साडूनं पहिलं पान दाखवलं.

गोपालचा आवाज पडलेला. "ताई, छापाची काय गरज होती व? ठरलं होतं नं सगळं."

"म्हणजे लपवून लग्न करायचं होतं?"

"लपवाचं कोण म्हणून राह्यलं? इला सांगणार होती सुमीतले. तिच्या तिच्यानं. दिवाळीतच म्हणे मले, बाबा, मी बोलीन त्याच्याशी, तुमी मधात पडू नका."

हीच ती वृत्ती. एकाच्या कानात कुजबुजायचं आणि त्याला धैर्य म्हणायचं. चारचौघांत उभं राहून सांगणं वेगळं आणि गच्चीवर कुजबुजणं वेगळं, हे मी त्याला ऐकवलं. फोनवर मागून इलाच्या आईचा, यशोदावहिनीचा, आवाज आला, "अवं ठेवा तो फोन, त्याईले भाषण सापडलं." मी दुर्लक्ष केलं.

इलाला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. सुमीतचा मेसेज आला होता."

"काय म्हणाला?"

"विचारत होता, मला आधी का नाही सांगितलं."

"बघ! म्हणजे त्याची हिंमत बघ!"

इलानं फोन बाजूला ठेवला. मग कुकर लावायला गेली. या मुलीला संताप का येत नाही? मी तिच्या वयाची असते तर आर्वीचा बसस्टँड हलवला असता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

धम्मदीप आला होता. चहा घेताना त्याला सगळं सांगितलं. तो हसला, आणि हसण्यानंही त्याच्या बरगड्या दुखतात, म्हणून छातीशी हात धरून हसला.

"मॅडम, पेनानं खुणा करत होते ते लोकं नं? मी जवळूनच गेलतो. निवडून नोते राह्यले. खोडून राह्यले होते. जेथं 'वाहक' दिसलं तेथं काट."

मी कप खाली ठेवला. मला आधी खरंच वाटेना. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे! वाहकाच्या आईबापांपैकी एकाकडून आलेली ती खूण अंगात निजून असते. तो शेती करतो, पोहतो, म्हातारा होतो, त्याला काही होत नाही. जोडीदार निरंक असेल तर एकाही मुलाला आजार होऊ शकत नाही. दोघंही वाहक असले तरच धोका: प्रत्येक गरोदरपणी चारात एक. हे साधं गणित आहे. शाळकरी पोरालाही कळेल!

"पण तुमी भाषणात हे सांगतच नाई," धम्मदीप म्हणाला. "तुमच्या भाषणात वाहक येतच नाई, मॅडम. सरळ मीच येतो."

"वेळ कुठे असतो? प्लीहेलाच लोक उठतात."

"होय. म्हणून म्हणून राह्यलो."

जाताना दारात वळून म्हणाला, "इलाले विचारलं होतं का, छापाच्या आधी?" मी म्हटलं, तिला विचारायचं काय, ती काय चोर आहे? त्यानं चप्पल घातली. तो अलीकडे फार संदिग्ध बोलतो. सततच्या दुखण्यानं माणूस असा होतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

आर्वी. गोपाल नको नको म्हणत होता, तरी त्याला सोबत नेलं. इला आली नाही. मी विचारलंही नाही, ड्यूटी होती तिची.

पुंडलिकरावांचं घर नवं, टाइल्स बर्फासारख्या थंड. पोहे आले, वर शेव, बाजूला तर्री. मी म्हटलं, आधी बोलू. गोपालनं मात्र प्लेट उचलली. शत्रूच्या घरी हा माणूस लिंबू मागून घेतो.

पुंडलिकराव निवृत्त तलाठी. बोलणं गोड. "मॅडम, तुमचं भाषण मी सोता ऐकलं. पयल्या रांगेत होतो, पुस्तिका मातर घेतली नोती. काय बोलता तुमी! घरी येऊन हिले तसंच्या तसं सांगतलं. एक पेशी वाकली का ऊती अडते, ऊती अडली का अवयव रडते, सारं शरीर कोलमडते. बरोबर नं?"

"बरोबर, पण ते रुग्णाबद्दल..."

"मंग आमी कोलमडाचं काऊन, तुमीच सांगा."

माझंच वाक्य! माझ्याच तोंडावर! मी पाट्या शोधत होते, फळा शोधत होते. शेवटी पोह्यांतले शेंगदाणे काढून ताटलीवर मांडले. दोन शेंगदाणे आईचे, दोन बापाचे. एकावर हळदीचा ठिपका. बघा, बाप निरंक असला तर... सुमीतची आई शोभाबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "बाई, ते सगळं खरं असन. पण हे आपल्यात नसते. हे तिकडल्या वस्तीतलं आहे. तुमची पोट्टी दवाखान्यात जाते, तेथूनच आलं असन."

माझ्या अंगाची आग झाली. शिवल्यानं आजार होतो असं एका शिकलेल्या घरात, टाइल्सवर उभं राहून म्हणतात! आणि "तिकडल्या वस्तीतलं"! रक्ताला वस्ती कळते? पेशी काय जातीचा दाखला घेऊन जन्माला येते? मी अर्धा तास बोलले असेन. गल्लीतून लोक डोकावले. मी खिडकी बंद केली नाही. त्यांनीही ऐकायला हवं होतं. इलाचं नाव घेऊन, तिचा रिपोर्ट हातात धरून, तिचं हिमोग्लोबिन किती, जूनमध्ये किती, सगळं खणखणीत सांगितलं, की बघा ही मुलगी किती धडधाकट आहे. शेवटी विचारलं, "आणि तुमच्या मुलाचं रक्त तपासलं?"

"आमच्या पोराले कायले तपासाचं?" पुंडलिकराव खरोखर चकित झाले. "त्याले सर्दी नाई होत."

सुमीत तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून. वीज कंपनीत अभियंता, गोरा, उंच, मुका. सगळा वेळ फरशीकडे बघत होता. खिडकीबाहेरच्या लोकांकडे एकदा बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. बापापुढे ब्र काढला नाही. असल्या मुलासाठी इला कशाला झुरते?

परतताना बसमध्ये गोपाल म्हणाला, "ताई, पोह्याले तरी हात लावाचा होता."

शनिवार, २२ नोव्हेंबर

तो मुका मुलगा आज बोलला.

दुपारी बेल वाजली, दारात सुमीत. हेल्मेट हातात. "इला आहे?" मी आत घेतलं, खुर्ची दिली, आणि समोर बसले. इला आतून आली. मीच विचारलं, काय काम काढलंत?

"मी तपासून घेतलं," तो इलाला म्हणाला. "पक्का रिपोर्ट काल आला. घरी सांगितलं नाही अजून. आधी तुला सांगावं म्हटलं." मग एक श्वास घेऊन, "मी पण वाहक."

मला कबूल केलं पाहिजे की माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती शोभाबाईंचा चेहरा. तिकडल्या वस्तीतलं! दुसरी गोष्ट मात्र नंतर आली. दोघंही वाहक. चारात एक.

इला म्हणाली, "आत्या, आम्ही गच्चीवर जातो."

"इथेच बोला. मी काय परकी आहे?"

"आत्या."

गेले. तासभर वर होते. मी जिन्यापर्यंत गेले होते, पण ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. खाली आले तेव्हा इलाचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. हे काय लक्षण आहे?

मंगळवार, २५ नोव्हेंबर

निर्लज्जपणाची सीमा आज आर्वीहून बसनं आली. हातात पेढ्यांचा डबा.

पुंडलिकराव. सुमीतनं घरी सांगितलं असणार. सोफ्यावर बसले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मॅडम, आता बराबरी झाली. इकडे बी तेच, तिकडे बी तेच. कोणाले कमी-जास्त नाई. सात तारीख पक्की करून टाकू."

मी विचारलं, "आधी वाहक मुलगी चालत नव्हती. आता चालते?"

"आता पोट्टाच तसा निंगाला तं काय करता?"

जेव्हा लग्नात काहीच धोका नव्हता असं समजत होतो तेव्हा हा माणूस नको म्हणाला. आता खरा धोका समोर आहे, तर पेढे! पत्रिका जुळवावी तसं यानं रक्त जुळवलं. दोन्हीकडे मंगळ म्हणजे दोष गेला! मी पुन्हा शेंगदाणे आणायला उठणार होते, तेवढ्यात त्यांनी हात जोडले. "एक विनंती आहे. सुमीतचं कोठं बोलू नका, भाषणात. पुस्तिकेत बी नको. आमची दुसरी एक पोट्टी आहे लग्नाची."

"आणि आमची मुलगी पहिल्या पानावर छापली तेव्हा?"

"ते तुमी छापलं, मॅडम," ते म्हणाले. "आमी नाई."

पेढ्यांचा डबा मी परत दिला. त्यांनी जाताना दारात तो इलाच्या हाती दिला, आणि तिनं घेतला!

बुधवार, २६ नोव्हेंबर

इलाशी भांडण झालं. सगळं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मी समजावलं नाही.

मी म्हटलं, हे लग्न होऊ शकत नाही. रक्त बघून लग्न ठरवा, हे मी ज्या जिभेनं गावोगाव सांगते त्याच जिभेनं दोन वाहकांच्या मंगलाष्टका म्हणू? लोक काय म्हणतील?

"लोक काय म्हणतील, हे तू म्हणतेस?" ती म्हणाली.

"मी तत्त्वाचं बोलते आहे!"

तिनं खुर्ची ओढली. शांतपणे सांगितलं. चारात एक, हे त्यांना माहीत आहे. गर्भ असताना तपासता येतं, तेही माहीत आहे. मूल न होऊ देणं, दत्तक घेणं, सगळं बोलून झालं आहे. नागपूरला समुपदेशन करणारे डॉक्टर आहेत, ४ डिसेंबरची वेळ मिळाली आहे. "ठरवू आम्ही. घाबरून नाही, आणि पेढ्यांवरही नाही."

"तुम्ही ठरवणार? इला, तू एकटी नाहीस. समाज हे एक शरीर आहे, त्यातली प्रत्येक पेशी..."

"मी पेशी नाही, आत्या!"

ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "पेशीला कुणी विचारत नाही. तू जा यकृतात, तू हो हाड. मला विचारायचं असतं. मी त्याला सांगणार होते. मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं, चेहरा बघायचा होता त्याचा. त्याला वडिलांच्या साडूकडून कळलं. दवाखान्यात पेशंट मला विचारतात, मॅडम, तुम्हाला काय झालं आहे म्हणे? तू उघड्या ठेवलेल्या खिडकीतून आर्वीच्या अख्ख्या गल्लीला माझं हिमोग्लोबिन माहीत आहे."

मी म्हटलं, लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे?

"लाज नाही वाटत. माझं आहे, एवढंच."

आणि दार लावलं. हे काय उत्तर झालं? ज्यात लाज नाही ते लपवायचं कशाला? तर्कात बसत नाही. आमच्या आधीची पिढी लपवून लपवून मेली, म्हणून आम्ही तोंडं उघडली. आता यांना पुन्हा दारं हवीत. मी दारापाशी जाऊन हे सगळं सांगितलं. आतून उत्तर आलं नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आजचं भाषण बिघडलं. माझं भाषण बिघडलं.

देवळीजवळच्या एका शाळेत तपासणी शिबिर. मैदान भरलेलं. आज वाहक आणि रुग्ण यातला फरक आधी सांगायचं ठरवून गेले होते, आणि सांगितला. लोक चुळबुळले, टाळ्या आल्या नाहीत. मग आपोआप आवाज चढला आणि म्हणाले, "आर्वीच्या एका घरात काय घडलं ते ऐका!" पुढचं वाक्य तयार होतं. समोर शिक्षक, पालक, आर्वीकडचेही दोघंतिघं. वाक्य तोंडात होतं आणि निघेना. दाराआडून ऐकू न आलेलं उत्तर आठवलं की काय कोण जाणे. मी म्हटलं, "ते असो." असो! आयुष्यात मी मंचावर असो म्हटलेलं नाही.

सावरण्यासाठी धम्मदीपला हाक मारली. "या, धम्मदीप, उभे रहा." तो पहिल्या रांगेत होता. उठला नाही. बसल्या बसल्या हात जोडले आणि मान हलवली: नाही.

नंतर झाडाखाली गाठलं. दुखतं आहे का, विचारलं.

"दुखते तं रोजच. आज उठाचं नोतं, मॅडम."

"का पण? तुझ्यामुळे लोकांना कळतं."

"काय कळते?" तो खाली बघून बोलत होता, रागानं नाही. "तुमी म्हणता, यांच्या मायबापानं तपासणी केली असती तं हे दुःख टळलं असतं. लोकं माझ्याकडे पाह्यतात. टळलं असतं म्हणजे मी नसतो. मी तेथं उभा राहून ऐकतो. मंग तुमी टाळ्या घेता."

मी असं कधीही म्हटलेलं नाही! त्याच्याबद्दल नाही! मी आजाराबद्दल बोलते, व्यवस्थेबद्दल, सरकारच्या ढिलाईबद्दल. त्याला पोटच्या मुलासारखं वागवलं, औषधांसाठी कलेक्टर कचेरीत धरणं धरलं. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते खरं आहे, मॅडम. ते बी खरंच आहे." आणि मला त्याच्या स्कूटरवर नाक्यापर्यंत सोडलं. वाटेत एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा तो कळवळला आणि त्यानंच मला विचारलं, "लागलं का, मॅडम?"

या माणसाशी कसं भांडायचं?

भाषणाचं टिपण आज पुन्हा काढलं. ते वाक्य वाचून पाहिलं. "असती तर" इथपर्यंत पोचले आणि कागद घडी करून ठेवला. काही सुचलं नाही, एवढंच.

मंगळवार, २ डिसेंबर

इला माझ्याशी बोलते, पण हवापाण्याचं. भाजी कोणती. गॅस संपला. मी दोनदा विषय काढला, दोनदा ती हसून उठली. गुरुवारी मी नागपूरला येणार, असं मी जाहीर केलं. चाळीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं आहे, डॉक्टरनं काही चुकीचं सांगितलं तर? ती म्हणाली, "ये. पण बाहेर बसावं लागेल."

गुरुवार, ४ डिसेंबर

बाहेर बसावं लागलं.

सुमीतच्या गाडीतून गेलो: पुढे ते दोघं, मागे मी, आणि आर्वीहून सकाळी येऊन आधीच मागच्या सीटवर स्थानापन्न झालेले पुंडलिकराव. ते कशाला? "पोराचा बाप आहो." मी खिडकीकडे तोंड केलं.

नागपूरच्या त्या दवाखान्यात समुपदेशक डॉक्टर बाईंनी इला आणि सुमीतला आत बोलावलं. मीही उठले. त्यांनी दारातच अडवलं. "आपण कोण?" मी सांगितलं, आत्या, आणि विषयाची जाणकार. वयानं इलाएवढ्याच असतील त्या. गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा हं, काकू." काकू! आणि दार लावून घेतलं. मला! सिकलसेलवर विदर्भात मी बोलले नाही असं गाव काढून दाखवा, आणि सिकलसेलच्या दारातून मला बाहेर!

बाकावर पुंडलिकराव. समोरच्या भिंतीवर मानवी शरीराचा तक्ता होता, आतडी निळी रंगवलेली. चूक. निळी नसतात.

त्यांनी खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, पुढे केली. मी नको म्हटलं. मग भूक लागली म्हणून घेतले.

"मॅडम," ते म्हणाले, "मी बी तपासून घेतलं परवा. कोणाकडून आलं ते पाहाले. माझ्याकडून निंगालं." पुडीची घडी घातली. "हिले सांगतलं नाई अजून. काऊन सांगतलं नाई ते समजत नाई. माह्यं रक्त आहे नं, मंग मलेच कसंतरी वाटून राह्यलं."

मी त्यांना वाहकानं लाजायचं कारण नाही हे सांगायला तोंड उघडलं. शास्त्र, आकडे, सगळं जिभेवर होतं. आणि मी विचारलं, "सांगायचं आहे का तुम्हाला त्यांना?"

"सांगन. माह्या हिशेबानं सांगन."

"बरं," मी म्हटलं. का म्हटलं, कळत नाही. सांगायला हवं होतं की लगेच सांगा.

दार उघडलं. इला बाहेर आली, मागे सुमीत. दोघांचे चेहरे पाण्यानं धुतल्यासारखे. आम्ही दोघं एकदम उभे राहिलो आणि एकदम विचारलं, "काय ठरलं?"

"साक्षगंध रविवारीच," इला म्हणाली.

पुंडलिकरावांनी डोळे मिटून हात जोडले. माझ्याही छातीतलं काही सुटलं. तत्त्वाच्या विरुद्ध सुटलं, हे इथे नोंदवते.

"आणि मुलांचं काय?" मी विचारलं.

"ते आम्ही ठरवलंय."

"काय ठरवलंय?"

"ते आमच्याजवळ आहे, आत्या." तिनं माझा हात धरला, तसाच धरून पायऱ्या उतरवल्या. किती दिवसांनी धरला होता.

पण हे चालणार नाही! मी तिची आत्या आहे. तिची पहिली तपासणी मी करवली. होणारं मूल, न होणारं मूल, गर्भाची तपासणी, दत्तक, यातलं काय ठरलं हे मला कळू नये? संपूर्ण मानवी शरीर मी पेशीपासून संस्थेपर्यंत झोपेत सांगू शकते, आणि माझ्याच घरातल्या मुलीनं स्वतःच्या शरीराचं काय ठरवलं ते मला माहीत नाही!

परतीला पुन्हा तेच: ते पुढे, आम्ही मागे. नागपूर सुटलं आणि ती दोघं हळू बोलायला लागली. एखादा शब्द मागे येई, मग नाही. इला मध्येच हसली. मध्येच गप्प झाली, आणि सुमीतनं गियरवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला.

पुंडलिकराव माझ्याकडे सरकले. "काय म्हणून राह्यले?" कुजबुजले.

"मला काय माहीत!"

बुटीबोरी येईपर्यंत आम्ही दोघंही पुढच्या सीटकडे कान लावून वाकून बसलो होतो. मग इलानं आरशात पाहिलं, आणि गाण्यांचा आवाज वाढवला.